कुरुंदवाडच्या मोबाईलवरची लाल पाटी

आमच्या जैन समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाईट मी फुकट सांभाळतो, आणि फुकटच्या कामाला मालक फार. शिवाजी पेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. येणारा प्रत्येक जण जाता जाता एक सूचना करून जातो. रंग बदला, फोटो मोठे करा, आमच्या पुतण्याला जरा वर घ्या. मी हो म्हणतो आणि करत नाही.

त्यामुळे त्या दुपारी कुरुंदवाडहून एका बाईंचा फोन आला, तेव्हा मी आधीच तापलेला होतो.

"पावणं, तुमची साईट मला आत घेत न्हाय की. लाल पाटी येतीय. कनेक्शन सुरक्षित न्हाय म्हणतीय."

"आमच्याकडं तर उघडतेय," मी म्हणालो. हे आमचं ठरलेलं उत्तर.

साईटचं सुरक्षा प्रमाणपत्र नुकतंच नवं केलं होतं. समोरची साईट खरीच आमची आहे, वाटेत कुणी माहिती वाचत नाही, याची मोबाईलला खात्री पटते ती या प्रमाणपत्रावरून. अध्यक्षांनी ते ओळखीतल्या एकाकडून बसवून घेतलं. मग मंडळाच्या कार्यालयात चहा पिता पिता सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवर साईट उघडून बघितली. सगळ्यांकडं उघडली, झाली तपासणी! आमच्यात चार ओळखीच्या माणसांनी मान डोलावली की काम पक्कं.

बाई फोन ठेवेनात. पुनर्विवाहासाठीचा वेगळा मेळावा वर्षातून एकदाच होतो आणि त्याची नोंदणी त्याच संध्याकाळी बंद होणार होती. त्यांचं पहिलं लग्न मोडून बरीच वर्षं झाली होती. भावाकडं राहून शिवणकाम करत होत्या. नाव नोंदवायचं हे त्यांनी एकटीनं ठरवलं होतं. "आज न्हाय झालं तर परत धाडस व्हायचं न्हाय माझं," त्या म्हणाल्या.

"अध्यक्षांना विचारलंत?"

"इचारलं की. ते म्हणाले, खाली बारीक अक्षरात 'तरीही पुढे जा' असं हाय, त्ये दाबा."

खरं सांगायचं तर माझ्याही तोंडावर तेच आलं होतं.

"मी न्हाय दाबत," त्या म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला. "पयल्या बारीला असंच झालतं. स्थळ आलं, पण मधला माणूस कोण त्येचा पत्ता न्हाय. मी इचारलं, तर सगळी म्हणाली, ओळखीतलीच हाईत, जाऊ दे पुढं. गेले पुढं. त्येला आधीची बायको हुती."

माझा राग कुठल्या कुठं गेला. फार वाईट वाटलं. समोरचं गिऱ्हाईक तसंच बसवून ठेवलं आणि कॉम्प्युटर पुढ्यात ओढला.

साईटवर आलेल्याला सर्व्हर, म्हणजे साईट जिथं ठेवलीय तो कॉम्प्युटर, कोणकोणती प्रमाणपत्रं दाखवतो, ते बघता येतं. आमचं बरोबर होतं; नाव आमचं, मुदत पुढची. पण त्यावर सही करणारी जी संस्था, तिला मोबाईल ओळखतोच असं नाही. तिची हमी तिच्या वरची मोठी संस्था घेते, आणि त्या मोठीचं नाव मात्र मोबाईलमध्ये आधीपासून असतं. म्हणून आपलं आणि मधल्या संस्थेचं, अशी दोन्ही प्रमाणपत्रं सर्व्हरनं पुढं करायची असतात. आमचा सर्व्हर आपलं एकटंच दाखवत होता. आमच्या मोबाईलना मधलं आधीच कुठून तरी ठाऊक होतं, म्हणून त्यांनी खपवून घेतलं. बाईंच्या जुन्या मोबाईलनं मात्र रीतसर विचारलं, मधला कोण? उत्तर मिळालं नाही, त्यानं दार लावून घेतलं. सोयरिकी जुळवणारं मंडळ आमचं, आणि मध्यस्थाला घरी ठेवून आम्ही स्थळ बघायला गेलो होतो.

मधलं प्रमाणपत्र शोधून आणलं. पहिलं आणलं ते त्याच संस्थेचं पण जुनं निघालं, आमच्यावरची सही त्याच्याशी जुळेना. दुसरं जुळलं. ते आमच्या प्रमाणपत्राखाली जोडलं, सर्व्हर पुन्हा चालू केला, आणि ड्रॉवरमधल्या माझ्या म्हाताऱ्या मोबाईलवर उघडून बघितलं. मग कुरुंदवाडला फोन लावला.

"न्हाय आली पाटी," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "आता कुणाच्या शब्दावर उघडलं ह्ये?"

मी त्यांना साईटच्या पत्त्याशेजारच्या कुलपाच्या खुणेवर बोट ठेवायला सांगितलं. आमची साईट, मधली संस्था, वरची मोठी संस्था. इंग्रजी नावं त्यांनी एकेक अक्षर लावत वाचली. मी घाई केली नाही. घाई करणारे त्यांना आयुष्यात पुष्कळ भेटले होते.

"तिघं बी हाईत," त्या म्हणाल्या. मग माहिती भरता भरता थांबल्या. "हितं ओळख देणाऱ्या माणसाचं नाव मागत्यात. भावाचं घालू वाटत न्हाय. तुमचं घालू का, अण्णा?"

पावण्याचा अण्णा कधी झालो ते कळलं नाही. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. पण लाल पाटीपुढं थांबणारं माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदाच भेटलं होतं. घाला म्हणालो.

मेळाव्यानंतर काही दिवसांनी मलकापूरहून एका गृहस्थांचा फोन आला. मेळाव्यात बाईंना भेटलेला मुलगा त्यांचा पुतण्या, त्यांना बाई पसंत होत्या.

"तुमची वळख हाय म्हणल्यावर आमचं काय म्हणणं न्हाय," ते म्हणाले. "आता तुम्ही बाईंस्नी हो म्हणायला सांगा, म्हंजे झालं की."

"झालं नाही, पावणं," मी म्हणालो. "रविवारी मी तुमचं घर बघायला येतोय. आणि तुमच्या शेजाऱ्यांकडं पण बसणार आहे."