दारावरची थमीन

"तू उतार. तेरी माँ तो दिनभर यही धोती है ना."

डायरेक्टर हे सगळ्यांसमोर बोलला. सारं कॉलेज उभं होतं, मास्तर लोक, हार घेतलेल्या पोट्ट्या. त्याचं बोट माह्याकडे. माही माय समता कॉलनीत त्याच्या भावाच्या दवाखान्यात आया आहे. बाळंतिणींचे कपडे धुते. हे त्याले ठाऊक होतं. आमची जात तं त्याच्याही आधी ठाऊक होती.

उतरवायची होती एक थमीन. ब्रह्मदेशातल्या बायका कमरेले गुंडाळतात ती, लुंगीसारखी. हिरवी, जरीच्या काठाची. हॉलच्या दारावर आडवी बांधलेली. आणि पायरीवर अडले होते त्या देशाच्या फौजी सरकारचे पाहुणे. सूटबूट कडक, पण पाय पुढं पडत नव्हता.

थमीन थिरीची. थिरी माह्या वर्गातली, मंडालेची पोट्टी. तिकडे फौजेनं सत्ता बळकावली, हिच्या भावाले घरातून उचलून नेलं. अजून पत्ता नाही. इथं रायपुरात ती त्याचा फोटो घेऊन कॅन्टीनसमोर एकटीच उभी राहायची. पोट्टे विचारायचे, "मोमो कैसे प्लेट दिया?" अंगाचा तिळपापड व्हायचा माह्या.

एकदा तिले गुढियारीतल्या आमच्या बुद्धविहारात नेलं. वंदना सुरू झाली तं हिले सारी पाठ. चाल वेगळी, पालीतले शब्द तेच. मायनं तिले जेवू घालूनच सोडलं. तवापासून ती घरचीच.

हे पाहुणे कॉलेजात येणार असं कळलं तवा ती म्हणाली, "दीदी, हमारे यहाँ औरत की थमीन के नीचे से मर्द नहीं जाता. उसका तेज चला जाता है. लड़कियों ने गली-गली में बाँधी थी. फौजी रुक जाते थे."

अवो माय! मले हसूच आलं. म्हटलं, आमच्याकडे काय वेगळं आहे? आमच्याकडेबी बाईचा परकर टॉवेलाखालीच सुकते. चल, बांधू. ती बुटकी, म्हणून स्टुलावर मी चढली.

तं असे पाहुणे अडले. डायरेक्टरले काही उमजेना. शिपाई हात लावेना, मास्तर हात लावेना. बाईचं कापड, तेबी कमरेखालचं. सारे नाकानं कांदे सोलणारे. मग त्याले मी दिसली.

कान तापले माहे. मायचे हात आठवले, फिनाईलनं सोललेले. त्या हातांवर मी शिकून राहिली, आणि हा त्याच हातांची शिवी करून माह्या तोंडावर फेकून राहिला.

मी म्हटलं, "नहीं उतारूँगी. माँ धोती है, तभी आपके घर की औरतें साफ बिस्तर पर बच्चा जनती हैं."

पाहुण्यांले मागच्या दारानं आत नेलं, संडासाच्या बाजूनं.

दुपारी मले केबिनमध्ये बोलावलं. आता आवाज गुळासारखा. "बेटा, बोल दे कि उसी ने बाँधा. तेरी फीस माफ है, चुपचाप पढ़ ले. वो तो वैसे भी जाएगी."

वैसे भी जाएगी! कॉलेजनं काढलं का व्हिसा गेला. व्हिसा गेला का तिले परत जावं लागते, आणि तिथं विमानातून उतरल्या उतरल्या फौज उचलणार. मी त्याले हे सांगतलं. तो म्हणाला, "वो उनका मामला है."

संध्याकाळी माय घरी आली. तिले दवाखान्यातून काढून टाकलं होतं. चपला काढता काढता म्हणाली, "काहून वो पोरी, एवढं काय अडलं होतं तुहं?" थिरी कोपऱ्यात रडून राहिली होती. म्हणे, मैं चली जाती हूँ. माय तिच्यावरच कडाडली, "कुठं जाते? चूप बस. जेव पहिले."

सोमवारी कॉलेजची चौकशी कमिटी बसणार आहे. बोलावणं एकट्या थिरीले आहे. मी जाणार. न बोलावता जाणार. स्टुलावर मी चढली, गाठ मी मारली, कोणासाठी मारली तेबी मले पक्कं ठाऊक होतं, हे त्यायच्या तोंडावर सांगणार. काढायचं तं दोघींले काढा. मग मी कॉलेजच्या गेटसमोर बसीन, तिच्या भावाचा फोटो घेऊन, रोज. मोमो विचारणाऱ्यांनी तवा माह्यासमोर येऊन विचारावं.

कॉलेजवाले मले माफी लिहून दे म्हणतात. माफीच पाहिजे ना? मग पहिले डायरेक्टरनं मागावी. माह्या मायची. सगळ्यांसमोर.