गिअरचा चावा

माझे बाबा दातांचे डॉक्टर होते. सदाशिव पेठेत आमच्या घराखालीच त्यांचा दवाखाना होता. म्हणजे ते दिवसभर माझ्यापासून एका जिन्याच्या अंतरावर असत. तरी लहानपणी ते मला फारसे मिळाले नाहीत. मी शाळेतून यायची तेव्हा खाली बाकावर पेशंट बसलेले असायचे. ते वर यायचे तेव्हा जेवून, पेपर चाळून झोपायचे. "दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडतात, घरी स्वतःचं उघडत नाहीत," असं आई म्हणायची.

ते मला मिळाले खूप उशिरा. त्यांचे हात कापायला लागले तेव्हा.

उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरुवात झाली. कंपवाताचं निदान झाल्यावर त्यांनी दवाखाना बंद करायला फार वेळ लावला नाही. जुने पेशंट हळहळले, तर त्यांना म्हणाले, "आता माझ्याकडून एक दात काढून घ्यायला गेलात, तर शेजारचाही हाती येईल. दुसरा डॉक्टर बघा." आणि कुलूप लावून वर आले. पुढचे काही महिने ते खिडकीत बसून होते.

त्यांना एकच नाद होता, रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांचा. खेळण्यातल्या नव्हेत; त्यांची होती हातभर लांबीची, जमिनीला चिकटून धावणारी, फक्त वेगासाठी बांधलेली गाडी. तिला वळणं नकोत, शर्यत नको. मोकळा सरळ रस्ता दिसला की एकदाच जीव खाऊन पळायचं आणि किती वेगानं पळालो ते बघायचं, एवढाच तिचा धर्म. आई तिला 'कार्टी' म्हणायची. "अहो, तुमची कार्टी उचला टेबलावरून, पानं मांडायची आहेत."

लग्नानंतर मी वारज्याला राहायला गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. एका रविवारी सकाळी आले, तर बाबा टेबलापाशी बसले होते आणि मोटरचा स्क्रू त्यांच्या बोटांतून पुन्हा पुन्हा निसटत होता. मी दारातच थबकले. ज्या हातांनी त्यांनी अर्ध्या पेठेच्या दाढा भरल्या, त्यांना एक स्क्रू भोकात धरता येत नव्हता.

त्यांनी वर न बघताच विचारलं, "बघत काय उभी आहेस? तुझे हात रिकामे आहेत ना?"

अशी मी त्यांचे हात झाले.

मला यातलं काही येत नव्हतं. मोटरच्या दांड्यावर एक लहान गिअर बसतो, तो चाकांकडे जाणाऱ्या मोठ्या गिअरला फिरवतो. दोघांमध्ये किती जागा ठेवायची, यावर सगळं अवलंबून. पहिल्यांदा मी मोटर चांगली दाबून घट्ट बसवली. वारज्यात एका नव्या सोसायटीकडे जाणारा, अजून रहदारी सुरू न झालेला रस्ता होता, तिथे गाडी पळवली. ती रडत-किंचाळत थोडी गेली आणि मोटर इतकी तापली की बोट लावता येईना. पुढच्या रविवारी मी घाबरून जरा सैल बसवली. गाडी सुटली, करकर आवाज झाला आणि जागीच थांबली. उघडून बघते तर मोठ्या गिअरच्या एका बाजूचे सगळे दात साफ.

"अभिनंदन," बाबा म्हणाले. "मला इतके दात काढायला आठवडा लागायचा."

मला हसू आलं आणि रडूही. मी म्हटलं, "बाबा, मला नाही जमणार हे."

"का नाही जमणार? ऊठ, खालून तो निळा कागद आण."

खाली दवाखान्यात फॉर्मॅलिन आणि लवंगेच्या तेलाचा वास अजून होता. दाढ भरल्यावर पेशंटला चावायला देतात, तो पातळ निळा कागद मी शोधून आणला. बाबांनी मला त्याची पट्टी कापायला लावली आणि दोन गिअरच्या मध्ये धरायला सांगितली. मग मोटर सरकवून पट्टीला हलकी टेकवायची, स्क्रू आवळायचे आणि कागद ओढून काढायचा.

"वरचा दात खालच्यावर नुसता टेकला पाहिजे. घट्ट बसला तर जबडा दुखतो, सैल बसला तर घास चावला जात नाही. आता पूर्ण फिरव. गिअर कधी अगदी गोल नसतो. जिथे जास्त निळं उमटेल तिथे घट्ट आहे, तिथलं माप धर."

माझ्या आयुष्यात ते माझ्याशी सलग इतकं पहिल्यांदाच बोलले असतील.

मग प्रत्येक रविवारी तेच. मोटरचे स्क्रू जास्त लांब नकोत, आत तारांना लागतील. लहान गिअरचा बारका स्क्रू दांड्याच्या सपाट बाजूवरच आवळायचा, नाहीतर गिअर जागेवर फिरत राहील. जास्त वेगाच्या हावरेपणानं एकदम मोठा गिअर चढवायचा नाही, मोटर जळेल. बाबा सांगत, मी करत असे. चुकलं की टोमणा तयार असे. बरोबर आलं की ते काहीच म्हणत नसत. नुसता चष्मा काढून पुसत. त्या चष्मा पुसण्यासाठी मी आठवडाभर रविवारची वाट बघायची. चाळिशी ओलांडलेली बाई, घरात माझी स्वतःची मुलगी कॉलेजात जाणारी, आणि मी वडिलांच्या शाबासकीसाठी आसुसलेली.

गाडी नीट झाली, पण चालवायची मीच. बाबा रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसत. रिमोट हातात घेतला की त्यांच्या कापणाऱ्या बोटांबरोबर गाडीही डावी-उजवीकडे थरथरायची, म्हणून त्यांनी तो घेणं सोडलं होतं. एकदा रिमोटचं माहितीपत्रक वाचताना मला कळलं, की स्टिअरिंगची संवेदनशीलता कमी करता येते. बोट थोडं हललं तरी गाडी तिकडे लक्ष देत नाही. मी त्यांना सांगितलं.

त्यांनी माहितीपत्रक मागून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे भूल द्यायची तिला."

त्या दिवशी रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. मी रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांचा हात कापत होता आणि गाडीची चाकं सरळ, स्थिर होती. त्यांनी हळूहळू ट्रिगर दाबला. सुरुवातीला गुणगुण, मग शीळ, मग गाडीच दिसेना. रस्त्यावरून काळी रेघ ओढावी तशी ती गेली, एकदाही न डगमगता. दूर जाऊन थांबली. तिच्यावरच्या वेगमापकावर आतापर्यंतचा सगळ्यात जास्त वेग. बाबा आपल्या त्या हाताकडे बघत राहिले.

"बरा बसलाय गिअर," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांचा आजार वाढला. आवाज बारीक होत गेला, मग जवळजवळ गेलाच. मी पलंगाशी गाडी घेऊन बसायची, गिअरचा आवाज ऐकू यावा म्हणून चाक त्यांच्या कानाजवळ फिरवायची. ते डोळे मिटून ऐकायचे. ठीक असेल तर पापणी हलवायचे. एका हिवाळ्यात ते गेले.

गाडी मी वारज्याला आणली आणि कपाटावर ठेवून दिली. मला रविवार नकोसा झाला. सकाळी जाग यायची, स्कूटरची किल्ली उचलायची आणि मग आठवायचं.

यंदा मात्र मी नवी मोटर आणली. स्वतःच बसवली, कुणाला न विचारता. मग आईला फोन केला, "येतेस का रस्त्यावर?"

"मी काय करू येऊन? मला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणत ती आली. त्याच कडेला, बाबांच्या जागी उभी राहिली, साडी नाही की काही नाही, पंजाबी ड्रेस आणि पायात बूट. गाडी मी दोनदा पळवली. बाबांच्या वेळेपेक्षाही वेगात गेली. आई म्हणाली, "आण इकडे," आणि रिमोट हातात घेऊन तिनं ट्रिगर थेट शेवटपर्यंत दाबला. कार्टी उडाली ती कडेच्या गवतात.

"मोडली का गं?"

मी उचलून चाक फिरवलं. काही मोडलं नव्हतं. गिअर मऊ फिरत होते, मध्ये हवा तेवढा बारीकसा खडखडाट.

"नाही मोडली. चांगली बसवलीये मी."

"हो का," आई म्हणाली आणि ड्रेसला लागलेली गवताची कुसळं काढत बसली.

मी गाडी हातात धरून उभी होते. बाबांनी काय म्हटलं असतं, ते मला माहीत होतं. शब्द, सूर, सगळं. पण माहीत असून भागत नव्हतं. मला ते ऐकायचं होतं.

"चल," आई म्हणाली, "ऊन चढलं. मला मंडईत सोड, भाजी घ्यायची आहे. आणि पुढच्या रविवारी जरा लवकर बोलाव."