दुसरा टेक

धम्मदीप सोनकांबळेला दिलसुखनगरातले सगळे नाचणारे ओळखत. कोचिंग क्लासच्या वर, दुसऱ्या मजल्यावर त्याचा स्टुडिओ. वडील भिवाजी देगलूरकडून येऊन वीज खात्यात शिपाई झाले. पोरानं निदान कारकून व्हावं एवढीच त्यांची इच्छा, आणि पोरगा कॅमेऱ्याच्या नादाला लागला. चिक्कडपल्लीच्या सभागृहात कुचिपुडीच्या मुलींचा कार्यक्रम असो की देवीच्या बोनालू जत्रेत ढोलावर नाचणारी पोरं, व्हिडिओ धम्मदीपनंच काढायचा. नाचणारीचा पाय उचलायच्या आधी त्याला कळायचं, आता उचलणार. त्याच्याबद्दल तक्रार एकच: दादाचं समाधान म्हणून होत नाही.

त्रिवेणी त्याच्याकडे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. राहायची मलकपेठेत. वडील एकनाथराव बियाण्यांच्या दुकानात कामाला. घराणं उदगीरकडचं, शेतकऱ्यांचं; मुलीनं स्टेजवर नाचावं हे त्यांच्या गळी उतरवायला तिच्या आईला, भामाला, चार वर्षं लागली. एका तेलुगू वाहिनीच्या नाचाच्या स्पर्धेसाठी दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा होता, मध्ये कुठेही न तोडता एका दमात घेतलेला.

मार्चमधल्या एका रविवारी त्रिवेणीच्या इमारतीच्या गच्चीवर शूटिंग ठेवलं. मागे रेसकोर्सची झाडं. दोनदा तालीम झाली, आणि पहिलाच टेक असा आला की धम्मदीप क्षणभर कॅमेरा बंद करायला विसरला. एक पाऊल चुकलं नव्हतं.

"झालं ना, दादा?" तिनं धापा टाकत विचारलं.

झालं होतं. पण सूर्य झाडांवर टेकत होता, दहा मिनिटांत सगळं केशरी होणार होतं. टाकी भरून वाहिल्यामुळे गच्चीच्या एका कडेला पाणी पसरलं होतं आणि त्यात आभाळ उतरलं होतं. ते त्याला हवंसं वाटलं. त्यानं ट्रायपॉड तिकडे वळवला.

"अजून एकदा घेऊ," तो म्हणाला.

पाय भरून आलेत, असं ती म्हणाली खरी, पण दादांचा शब्द तिनं मोडला नाही. पाण्याच्या अलीकडे नाच, एवढं त्यानं बजावलं. शेवटच्या उडीत ती वीतभर पुढे गेली. डावा पाय ओल्यावर पडला आणि सरकला. गुडघ्यातून आलेला आवाज त्याला कॅमेऱ्याजवळ ऐकू आला. तीन मजले त्यानं तिला हातांवर उचलून खाली आणलं.

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन करू, चालशील, पण उड्या आणि गिरक्या विसर, असं डॉक्टरांनी सांगितलं. एकनाथरावांनी धम्मदीपचा हात हातात घेतला आणि म्हणाले, तुम्ही होता म्हणून पोर वेळेवर दवाखान्यात पोचली. कोणी दृष्ट लागली म्हणालं, कोणी नशीब. धम्मदीपला कोणी बोल लावला नाही, आणि तेच त्याला सोसेना. आठ दिवस तो ताटावर बसायचा आणि तसाच उठायचा. शेवटी बायकोनं, सुमेधानं, खोदून विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं.

"हे मला सांगून काय होणार?" ती म्हणाली. "ज्यांचं आहे त्यांना जाऊन सांगा."

तो गेला. भामानं चहा पुढे ठेवला. त्रिवेणी पलंगावर होती, पाय उशीवर. कपाला हात न लावता तो एकनाथरावांना म्हणाला, "पहिला टेक चांगला होता. मला तेव्हाच कळलं होतं. नुसत्या उजेडासाठी मी तिला पुन्हा उभं केलं. पाणीही दिसत होतं मला."

एकनाथराव चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते उठून आतल्या खोलीत गेले ते परत बाहेर आलेच नाहीत. भामानं भरलेला कप उचलून नेला.

मग पलंगावरून त्रिवेणीनं विचारलं, "कुठाय तो पहिला?"

त्यानं मोबाइलवर दाखवला. तिनं तीनदा पाहिला.

"महिनाअखेरपर्यंत मुदत आहे," ती म्हणाली. "पाठवून द्या."

त्यानं पाठवला. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात वाहिनीचा फोन आला. तिची निवड झाली होती, पुढच्या फेरीला बोलावलं होतं. हे भामाकडून त्याला नंतर कळलं. त्रिवेणी तेलुगूत गोड बोलली म्हणे; परीक्षा आहे, जमणार नाही, असं सांगितलं. पायाचं अवाक्षर काढलं नाही. फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

ऑपरेशननंतर ती चालायला लागली. जिना मात्र एकेक पायरी, कठडा धरून. तिनं बी.कॉम. पूर्ण केलं आणि दिलसुखनगरातच एका चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. एकनाथराव रस्त्यात भेटले तर धम्मदीपला नमस्कार करत, थांबत नसत. दुसरं काम त्याला येत नव्हतं म्हणून तो कॅमेरा धरून राहिला. पण पहिला टेक बरा आला की तो लगेच आवरायला घेई. दादाची धार गेली, असं नाचणारे म्हणू लागले.

दोन वर्षांनी एका दुपारी त्रिवेणी त्याच्या स्टुडिओत आली. खुर्चीत बसून तिनं आधी दम घेतला.

"दुसरा टेक आहे का अजून?"

होता. तो धावला तेव्हा कॅमेरा चालूच राहिला होता. त्यानं तो पुसला नव्हता आणि एकदाही पाहिला नव्हता. नको पाहूस, म्हणून त्यानं विनवलं. तिनं ऐकलं नाही.

केशरी उजेडात, पाण्यातल्या आभाळापुढे ती नाचत होती. शेवटच्या उडीला अंग हवेत असतानाच तिनं बटण दाबून चित्र थांबवलं.

"हा पहिल्यापेक्षा चांगला होता, दादा," ती म्हणाली. "तुम्हाला बरोबर दिसलं होतं."

ती कधीतरी येईल आणि शिव्या देईल, अशी त्यानं मनाची तयारी केली होती. याची केली नव्हती. त्याला रडू आवरेना. तिनं त्याची समजूत काढली नाही. पडद्यावरच्या मुलीकडे पाहत बसून राहिली. मग जेवणाची सुट्टी संपत आली म्हणाली आणि पर्स उचलली.

खालपर्यंत हात देऊ का, असं त्यानं विचारलं.

"नक्को," ती म्हणाली, आणि कठडा धरून उतरू लागली. खालच्या क्लासची पोरं नुकतीच सुटली होती. तिला वाट द्यायला सगळी भिंतीला चिकटून उभी राहिली.