हापचनकरणीची मुकी आई

कोरियातल्या आमच्या यंगचनमध्ये लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या नावाने कोणी हाक मारत नाही. माहेर जिथलं, तिथली ती. माझी आई छंगदोची, म्हणून छंगदोकरीण. बाजारात तिचं तिळाच्या तेलाचं दुकान, आणि त्याला लागून हापचनकरीण मावशीचा गाळा. मावशीचं खरं नाव ओक जॉम्ये, हे मला तिच्या आईच्या मयताच्या दिवशी दवाखान्याच्या फलकावर वाचून कळलं. त्या दिवशी कळलेल्या गोष्टींपैकी ती सगळ्यात छोटी.

मावशी शार्क विकायची. सणाला पूर्वजांपुढे मांडतात त्या ताटात खारवलेल्या शार्कचा तुकडा नसेल तर आमच्या गावात ते ताट मांडलं असं कोणी म्हणत नाही. इतरांचा शार्क एक तर खारट व्हायचा नाहीतर कोरडा. मावशीचा मऊ राहायचा, काडीला टोचून तव्यावर टाकला तरी सुटायचा नाही. गावातल्या जुन्या घराण्याचे थोरले, मिन आजोबा, दर सणाला स्वतः सुनेला घेऊन यायचे आणि उभ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगायचे, की खारवणारा हात आपल्याकडचा नसला तर त्यांना पहिल्या घासाला कळतं. हापचन आपलंच, मध्ये दोन डोंगर आहेत एवढंच. मावशीच्या बोलण्यात किंचित वेगळा हेल होता, तोही त्या दोन डोंगरांच्या खात्यात जमा झालेला.

तिचा नवरा लॉरीवाला होता, लवकर गेला. मूलबाळ नाही. पुढे कधीतरी तिची म्हातारी आई राहायला आली. झटक्यात तिची वाचा गेली आहे, असं मावशीने सांगितलं. म्हातारी गाळ्याच्या मागच्या बाजूला बुटक्या स्टुलावर बसून लसूण सोलायची. काही विचारलं की मान हलवायची, हसायची. तिच्याशी सगळ्यात जास्त कोण बोलायचं तर माझी आई. गिऱ्हाईक नसलं की आई तिच्यासमोर उकिडवी बसून लसणाची मूठ उचलायची आणि सुरू व्हायची: सासू, गुडघे, तिळाचा भाव, आणि पश्चिमेकडच्या प्रांतातले ते जल्लावाले. घराची गळती काढायला आलेला मिस्त्री आगाऊ घेऊन पळाला, म्हणजे जल्लाचाच असणार. तिकडची माणसं गोड हसली की आपण आपलं पाकीट चाचपावं. जावई कसाही चालेल, पण तिकडचा नको. माझी आई वाईट नाही. लोक थंडीला शिव्या घालतात तशी ती जल्लाला घालायची, मनात फारसं काही न ठेवता. म्हातारी मान हलवायची.

म्हातारी गेली ती सणाच्या तीन आठवडे आधी. आई आणि मी दुपारी दवाखान्याच्या मयतघरात पोचलो; भेटायला आलेल्यांना तिथेच जेवू घालतात. जिना चढतानाच नाकाला असं काही झोंबलं, की मला वाटलं खाली शवागारात काहीतरी बिघडलंय. आई रुमाल नाकाला लावून पुटपुटली, "काय कुजलंय गं हे?"

आत गेलो तर लोक जेवायला बसलेले आणि कोणी जेवत नव्हतं. प्रत्येक टेबलावर नेहमीचं सगळं होतं, तिखट सूप, भात, उकडलेलं डुक्कर, ऑक्टोपस. आणि मध्ये एका बशीत गुलाबी, चकचकीत फोडी. ते काय आहे हे आमच्याकडे पोरालाही कळतं, कारण टीव्हीवर त्याची टर उडवताना सगळ्यांनी पाहिलंय. हॉंगो. आंबवलेला पाखट मासा. डोळ्यांतून पाणी काढेल एवढा आंबवतात. तिकडे, जल्लामध्ये, तो नसला तर लग्न लग्न नाही आणि मयत मयत नाही. आमच्याकडे तो कोणी घरात आणत नाही.

मिन आजोबा हातातला चमचा तसाच धरून बशीकडे बघत होते. तोंडाशी नेत नव्हते, खालीही ठेवत नव्हते.

आम्ही तसबिरीसमोर दोनदा वाकलो. मावशी काळ्या कपड्यांत, केसांत पांढरी फीत. तिने आम्हाला प्रतिनमस्कार केला आणि बोलायला तोंड उघडलं. शब्द तेच, पण त्यांची शेपटं लांब, गोल, भलत्याच जागी वळलेली. इतकी वर्षं ओळखीचं तोंड, आणि आतून दुसरीच बाई बोलत होती.

"छंगदोकरीणबाई, बसा. जेवून जा. आईच्या गावची रीत आहे. ती जल्लाची, मोकपोची. मीही."

आई बसली नाही. "तुझी आई... पण तिला तर बोलता येत नव्हतं."

"दार लावलं की बोलायची," मावशी म्हणाली. "बाहेर तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांत कळलं असतं कुठली ते. मी आल्या दिवसापासून जीभ वळवून घेतली होती, तिला या वयात कसं जमणार? तिचं तिनेच ठरवलं. म्हणाली, तुझं दुकान हापचनच्या नावावर उभं आहे, माझ्या तोंडाने पडायला नको."

आता आई बसली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. लसणाच्या सगळ्या दुपारी ती एकेक करून आठवत होती, मागे मागे जात होती, आणि कुठेही थांबायला जागा सापडत नव्हती.

"तिला सगळं ऐकू यायचं?"

"यायचं."

"आणि घरी जाऊन काय म्हणायची?"

मावशी त्या अवस्थेतही जराशी हसली. "म्हणायची, छंगदोकरीण मनाची चांगली आहे, माझ्यापाशी बसते तरी. मुकं व्हायला खरं तर तिने पाहिजे होतं."

मग तिने सांगितलं, की शेवटच्या दिवसांत म्हातारीने एकच गोष्ट मागितली. मयतावर हॉंगो ठेव. मावशीने सणापर्यंत थांबायला सांगितलं, जणू मरण थांबवता येतं. वर्षभराचा धंदा सणाआधीच्या दहा-बारा दिवसांतच व्हायचा. म्हातारी म्हणाली, "जिवंतपणी राहिले गं मुकी. मेल्यावर ठेवू नकोस."

आईने चॉपस्टिकने एक फोड उचलली, तोंडात घातली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. वासाचं की कशाचं, मी विचारलं नाही.

अंत्यविधी उरकून मावशीने गाळा उघडला तेव्हा मला वाटलं लोक भांडतील, निदान विचारतील तरी. कोणी एक वाईट शब्द बोललं नाही. बायका थांबायच्या, म्हातारीबद्दल दोन शब्द बोलायच्या आणि सांगायच्या, यंदा आमच्याकडे ताट साधंच मांडायचं ठरलंय. मग पलीकडच्या टोकाच्या गाळ्यातून शार्क घ्यायच्या. आमच्या दुकानात तेल घेताना त्यांचं खरं बोलणं सुरू व्हायचं. आता आठवतं, गेल्या वर्षी जरा उग्र लागला होता. मला तर आधीपासूनच शंका. खारवण्यातच काहीतरी वेगळं होतं, तिकडची पद्धत. बोटं चाटून गेलेल्या बायका हे सांगत होत्या, आणि खोटं बोलत नव्हत्या. पोटात कधीच जिरून गेलेल्या घासाची चव त्यांच्या तोंडात खरोखर बदलली होती. मी डबे भरताना हात थांबवून ऐकत राहायचे.

आई मात्र भांडली. सुकी मासळीवाल्या बाईला भर बाजारात म्हणाली, "गेल्या वर्षी दोन किलो नेलास तेव्हा काय सर्दी झाली होती तुला?" तेल नको तर नको, पण माझ्या दारात हे बोलायचं नाही, असं तिने दोघीतिघींना सुनावलं. मला तिचा अभिमान वाटला.

मग मिन आजोबा आले. एकटेच. गाळ्यासमोर काठी टेकून उभे राहिले आणि बराच वेळ त्यांना हाकच मारता येईना.

"तुला आता काय म्हणायचं?"

"मोकपोकरीण म्हणा," मावशी म्हणाली.

ते म्हणाले नाहीत. "माझ्या सात पिढ्यांना तू तिकडच्या हाताचं खाऊ घातलंस. मी कोणाकडे माफी मागू?"

मावशीने सुरी फळीवर आडवी ठेवली. "आजोबा, पहिल्या घासाला कळायचं ना तुम्हाला? मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

मी आईकडे पाहिलं. आता आई बोलणार, मिन आजोबांना उभं-आडवं घेणार. आई तेलाच्या बाटल्यांची झाकणं पुसत होती. मिन घराण्याच्या सगळ्या चुलत्यांच्या घरी तेल आमच्याकडून जायचं. तिने एक झाकण पुसलं, दुसरं घेतलं, पुन्हा पहिलंच घेतलं. आजोबा काठी उचलून निघून गेले.

सणाच्या आदल्या दिवशी मला मावशी पलीकडच्या टोकाला दिसली, त्या दुसऱ्या शार्कवाल्याकडे. तुकडे दाबून बघत होती, उलटून बघत होती, एकाला नको म्हणत होती. परत आली ती आमच्या दुकानात, आणि कागदातलं पुडकं आईपुढे ठेवलं.

"सोलहून दीर येणार ना तुझे? हा घे. माझा नाही, त्या टोकाच्या गाळ्यातून आणलाय. पाठीकडचा आहे, सुटणार नाही. रात्रभर पाण्यात ठेव, तो मीठ फार घालतो."

मला वाटलं आई ते पुडकं भिरकावून देईल. तिला रडू येईल, निदान ती नाही तरी म्हणेल.

आईने घेतलं. कागद आणखी एकदा घट्ट गुंडाळला आणि पिशवीत तळाशी ठेवलं. दोघी एकमेकींकडे बघतही नव्हत्या. मावशी म्हणाली, गुडघ्याला तेल लाव झोपताना. आणि गेली.

सणाला काकांनी विचारलं, शार्क कोणाकडचा. आईने त्या दुसऱ्याचं नाव सांगितलं. काका म्हणाले, बरं केलंस, गावात काय काय ऐकलं आम्ही. आईने आपल्या ताटात शार्क वाढून घेतला नाही.

दुपारी तिने तांदळाच्या पिठाच्या करंज्यांचा डबा माझ्या हातात दिला. मावशीकडे देऊन ये. तू चल, मी म्हटलं. घरात पाहुणे आहेत, ती म्हणाली.

मावशीने छोटंसं ताट मांडलं होतं. म्हातारीचा फोटो, मध्ये हॉंगो, शेजारी तिचा स्वतःचा शार्क, न विकला गेलेला. एवढ्या मोठ्या फोडी मी कधी पाहिल्या नव्हत्या. तिने मला विचारलं, तुकडा सुटला का? नाही, म्हटलं. खारट झाला? काका म्हणाले उत्तम आहे. ती मान हलवत राहिली, अगदी तिच्या आईसारखी.

"आणि तुझी आई जेवली?"

मी करंज्या बशीत काढून डबा रिकामा केला. ती उठली, ताटातला शार्क कागदात बांधला, करंज्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवला. "हे तिला दे. म्हणावं, ताटात ठेवायला नाही. खायला."

घरी काका टीव्हीसमोर झोपले होते. मी स्वयंपाकघरात डबा दिला, निरोप सांगितला. आईने दार ओढून घेतलं. मोरीपाशी उभी राहिली आणि गार झालेला शार्क बोटांनी तोडून खायला लागली. मला विचारलं नाही, बाबांना हाक मारली नाही. एकापाठोपाठ एक, शेवटच्या फोडीपर्यंत, तोंड भरलेलं असतानाही पुढची उचलत. मग नळ सोडून डबा घासत बसली, स्वच्छ झाला तरी.