कानबाईसाठी रंगवलेली गाडी

पोलीस सेवेत तपासलेले मोठमोठे गुन्हे आता पुसट होत चालले, पण नरोलीतली ती पिवळी गाडी अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

श्रावणातला शुक्रवार होता. सिल्वासातून एक पांढरी मोटार चोरीला गेल्याची तक्रार सकाळीच नोंदवली होती. दुपारी एक चाळमालक खबर घेऊन आला. "साहेब, एक भाडूत ताडपत्रीच्या आड गाडीनो कलर चेंज करतोय. नंबरप्लेट पण काढून टाकली छे."

जाऊन पाहतो तो पांढऱ्या गाडीवर हळदीसारखा पिवळा रंग चढलेला, काचांवर वर्तमानपत्रं चिकटवलेली आणि गड्याचे दोन्ही हात पिवळे. रंगेहाथ म्हणतात ते हेच, अशा तोऱ्यात मी बॉनेटवर थाप मारली, "कुणाची रे ही?" पंजा ओल्या रंगात रुतला. चोर सापडल्याच्या आनंदात मला त्याचं काहीच वाटलं नाही.

चौकीत तासभर चौकशी केली. धुळ्याकडचा माणूस, कारखान्यात रंगारी. "गाडी मनीच शे साहेब," गाडी त्याचीच, यापलीकडे बोलेना. रंग का बदलला विचारलं की शेजारी उभ्या चाळमालकाकडे बघायचा आणि मान खाली घालायचा. मी चाळमालकाला बाहेर पाठवलं.

तेवढ्यात त्याची बायको गाडीचे कागद घेऊन आली. नाव भलत्याचंच. मी भुवया उंचावताच बाई उसळली, "रविवारे कानबाई शे, साहेब! तिना पहिले घर रंगाडनं पडस. खोलीले मालक रंग लावू देत नही. मंग आमनं म्हनाले काय शे? ही गाडीच ना!"

खानदेशात श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते आणि त्याआधी घर रंगवतात, हे मला ठाऊक होतं. गाडी रंगवलेली मात्र पहिल्यांदाच पाहत होतो.

मग गडीही बोलता झाला. नंबरप्लेट त्याने रंग लागू नये म्हणून काढली होती. मालकाने अंगणातसुद्धा रंगकाम करायचं नाही म्हणून बजावलं होतं. खोली जाईल या भीतीने तो गप्प होता. "सोमवारे कानबाई विसर्जनले नदीवर जाई. मायना गुडघा गयात, दोन वरीसपाइन ती मांगे चालत नही. औंदा तिले गाडीमा बसाडसू."

कागदावरचं नाव खेरडीच्या एका मास्तरांचं निघालं. त्यांनी फोनवर विक्री कबूल केली. चासी नंबरही चोरीच्या गाडीशी जुळेना. शनिवारी सकाळी गाडी सोडली. 'नाव आणि रंग, दोन्हीची आरटीओत नोंद कर' म्हणून दम भरला आणि चाळमालकालाही दोन शब्द ऐकवले. लपवाछपवी दिसली की चोरीच असेल असं मानायची माझी खोड त्या दिवसापासून गेली.

आठवड्याने तो पेढे घेऊन चौकीत आला. बाहेर पिवळीधमक गाडी आणि बॉनेटवर माझा पंजा तसाच. मी ओशाळून म्हटलं, "अरे, हे घासून पुन्हा रंग मार की."

"नही साहेब. मायनी त्यावर हात फिरावा नि रडनी. म्हने, कानबाईना हात शे." तो हळूच हसला. "मी काहीच सांगं नही."

मीही आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.