संथ ब्राउजरची चौकशी

तळोज्याच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं टाइम ऑफिसमध्ये होतो. म्हणजे गेटवर कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, याची नोंद ठेवणारा माणूस. असं काम करणारा कुणालाच आवडत नाही, मीही आवडत नसे. कामगार येऊन सांगायचे, साहेब, मी आठलाच आलो होतो, मशीननं घोळ केला. मी मस्टर उलटं फिरवून त्यांच्यापुढे सरकवायचो. आठ वाजून सतरा मिनिटं. मग खाली कबुलीच्या दोन ओळी लिहायच्या, त्याच्याकडून ‘मान्य’ लिहून सही घ्यायची, विषय संपला. माणूस खोटं बोलतो, नोंद बोलत नाही, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी ते गेलं नाही. कारखान्यात त्याचा जाच दोनशे माणसांत वाटला जायचा. घरात तो एकट्या बायकोच्या वाट्याला आला.

आम्ही दोघंच राहतो, करंजाड्याला, दुसऱ्या मजल्यावर. मुलगी लग्न होऊन उलव्याला असते. समोर तीन वर्षं एक टॉवर चढतोय, त्याच्या धुळीमुळे कॉम्प्युटरवर रोज सकाळी फडका मारावा लागतो, आणि तो मीच मारतो. कॉम्प्युटर दोघांचा. मी त्यावर वर्तमानपत्रं वाचतो, बायको शिकवण्यांसाठी गणितं शोधते. ती शाळेत शिक्षिका होती. आता शेजारच्या इमारतीत पाचवी-सहावीच्या मुलांना शिकवते, रविवार सोडून रोज चार ते सहा. हे चार ते सहा लक्षात ठेवा.

त्या मंगळवारी जेवण झाल्यावर मी पेपर वाचायला बसलो आणि ब्राउजर काही केल्या हलेना. गोल चकती फिरतेय ती फिरतेच आहे. बातमीचा मथळा आला की मजकूर नाही, मजकूर आला की पान थिजलेलं. जाहिराती तेवढ्या तुरुतुरु येत होत्या. राउटर बंद करून चालू केला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शेवटी कुठला प्रोग्राम किती मेमरी खातो ते दाखवणारी खिडकी उघडली, तर ब्राउजर एकटाच जवळजवळ सगळी खाऊन बसलेला. म्हटलं, असं काय खातोय हा? वर बघितलं तेव्हा कळलं. टॅब. इतक्या टॅब उघड्या होत्या की एकीचंही नाव वाचता येत नव्हतं, कंगव्याच्या दातांसारख्या नुसत्या रेघा दिसत होत्या. आमच्या ब्राउजरला काल जिथं सोडलं तिथून आज सुरू करायची सवय लावलेली आहे, त्यामुळे एकदा उघडलेलं पान बंद केल्याशिवाय जात नाही.

माझं डोकं फिरलं. “अगं, ही काय जत्रा भरवून ठेवली आहेस?” मी ओरडलो. “पान बघून झालं की बंद करायचं असतं, हे किती वेळा सांगायचं?”

ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “असतील माझ्याच. टाका बंद करून.”

या ‘असतील माझ्याच’चा मला भयंकर राग यायचा. नोकरीत असताना चूक नसेल तर मुख्याध्यापकांनाही दोन शब्द सुनावणारी ही बाई. पण गेले काही महिने तिचं हेच चाललं होतं. गॅस चालू राहिला? असेल माझ्याकडूनच. किल्ली फ्रिजवर? मीच ठेवली असेल. मला वाटायचं, वय झालं हिचं, हल्ली कशात लक्ष नसतं. मुलीला मी फोनवर हे एकदा बोलूनही दाखवलं होतं. त्यावर तिनं उलट माझीच तब्येत विचारली.

चार वाजता बायको पिशवी खांद्याला लावून शिकवणीला गेली. मी म्हटलं, आता नुसत्या टॅब बंद करून भागायचं नाही. पुरावाच समोर ठेवायचा. लेटरपॅडचा एक कागद घेतला, पट्टीनं चार रकाने आखले. तारीख, वेळ, पान, कोणी. मग ब्राउजरची हिस्टरी उघडली. कुठलं पान कुठल्या दिवशी किती वाजता उघडलं, सगळं मिनिटासह तिथं असतं. मला हे आधी माहीत होतं तरी त्या दिवशी ती यादी पाहून फार बरं वाटलं. माझ्या ओळखीचं मस्टरच होतं ते.

पहिल्या टॅबवर गेलो. ‘ब्राउजर हळू चालत असेल तर काय करावे.’ दुसरीवर गेलो. तेच. तिसरीवर दुसऱ्या कुठल्या तरी साइटचं, पण विषय तोच. चौथीवर परत पहिलं पान. मी मोजत गेलो. एकूण त्रेपन्न टॅब होत्या, त्यातल्या एक्केचाळीस ब्राउजर जलद कसा करावा याच्या. ब्राउजर हळू होता तो मुळात या पानांनीच. मला हसू आलं. बिचारी. माझ्या शिव्या नकोत म्हणून आपली आपण दुरुस्ती करायला गेली आणि आणखी खड्ड्यात पडली. रागही थोडा निवळला. आता वेळा लिहून घेऊ, म्हटलं.

सोमवार, चार वाजून बावीस मिनिटं. शनिवार, पाच वाजून पाच. गुरुवार, चार चाळीस. बुधवार, पाच वाजून अकरा.

पाचव्या ओळीला पेन थांबलं. या सगळ्या वेळा चार ते सहामधल्या होत्या. त्या वेळी ती घरात नसते. मी परत वरपासून तपासलं. एक्केचाळीसपैकी एकही नोंद ती घरात असतानाची नव्हती.

मग ही पानं उघडली कुणी? कुणीतरी आमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलं होतं. घरबसल्या लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये घुसणाऱ्या चोरांबद्दल मी वाचलेलं होतं. मी उठून आधी दाराला आतून कडी घातली. तसल्या चोराला दाराची कडी काय करणार, पण घातली. मग आमचा कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला फोन लावला. तो कोन गावचा, दुकान पनवेलच्या बाजारात. चाळिशीचा, हात चांगला, बोलणं तोडून टाकणारं. मी त्याला घाईघाईनं सगळं सांगितलं.

तो म्हणाला, “काका, कोन नाय शिरला तुमच्यात. तुमाला मागच्या आठवड्यात सांगितलं ना आमी? वरच्या टॅब बंद करा. मशीन चांगली हाय तुमची.”

“मागच्या आठवड्यात मी कुठे फोन केला तुम्हाला?”

“केलाव ना. त्याच्या आदी पन केलाव.” मग त्याचा आवाज एकदम मऊ झाला. “काकी हायत का घरात? काकींना द्या फोन.”

मी फोन आपटला. दिवसभर शंभर गिऱ्हाइकं बोलतात याच्याशी, कुणाचं नाव कुणाला चिकटवतोय. आणि काकींना द्या म्हणे! कॉम्प्युटरमधलं मला कळत नाही आणि तिला कळतं असं वाटलं की काय त्याला?

पण फोन आपटल्यावर मी परत खुर्चीत बसलो, आणि या वेळी पानांच्या नोंदी सोडून, ती पानं शोधताना काय टाइप केलं होतं त्याच्या नोंदी बघितल्या. त्या नसत्या बघितल्या तर फार बरं झालं असतं असं मला पुढे कितीतरी दिवस वाटत होतं.

प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य होतं. ‘कृपया ब्राउजरचा वेग वाढविण्याचा उपाय कळवावा.’

शोधाच्या चौकटीत ‘कृपया’ लिहिणारा माणूस मी एकच पाहिला आहे. मी. आयुष्यभर ऑफिसची पत्रं टाइप केल्यामुळे बोटं आपोआप तिथूनच सुरुवात करतात. ‘कृपया आजचे पंचांग कळवावे.’ मुलगी पोट धरून हसायची, बाबा, मशीनला काय कृपया म्हणता? माझी बायको दोन शब्दांत शोधते, तेही चुकीचं ऱ्हस्वदीर्घ दिसलं की पुसून परत लिहिते. चोराला काय पडलं होतं कृपया म्हणायचं?

ते वाक्य एक्केचाळीस वेळा. सोमवारी म्हणजे कालच, चार बावीसला. काल चार बावीसला मी काय करत होतो? मी आठवायला लागलो आणि तिथं काहीच नव्हतं. धूसर नाही, अर्धवट नाही. काहीच नाही. कारखान्यातला मोहन नावाचा शिपाई कुठल्या साली कुठल्या पाळीला होता ते मी आजही सांगेन, आणि काल दुपारचं मला सांगता येईना. आज पहिल्यांदाच या ब्राउजरच्या मागे लागलो असं मला जेवणानंतर अगदी खात्रीनं वाटलं होतं. मी घाबरलो. इतका घाबरलो की पाण्याचा तांब्या समोर असून हात पुढे होईना.

किती वेळ तसा बसलो ते ठाऊक नाही. लेटरपॅड टेबलावरून खाली पडलं तेव्हा भानावर आलो. उचलायला गेलो तर आतून तीन कागद बाहेर आले. तिन्हींवर पट्टीनं आखलेले चार रकाने. तारीख, वेळ, पान, कोणी. अक्षर माझं. पाच-सहा ओळी भरलेल्या, आणि ‘कोणी’च्या रकान्यात प्रत्येक ओळीला ‘सौ.’ असं लिहिलेलं. वेळा समोर लिहूनही त्या तपासायची गरज मला तेव्हा वाटली नव्हती, कारण गुन्हेगार आधीच ठरलेला होता. खाली, कारखान्यात घ्यायचो तशी, कबुली. आणि तिन्ही कागदांवर माझ्या बायकोच्या वळणदार अक्षरात ‘मान्य’ आणि तिची सही.

मी तिला बसवून सही घेतली होती. तीनदा. शेवटची अकरा दिवसांपूर्वी. मला ती आठवत नव्हती, आजही आठवत नाही.

सहानंतर बेल वाजली. कडी मीच घातली होती ते विसरून मी नुसताच आतून ओरडत राहिलो, उघडं आहे, ये. मग उठलो. तिनं माझं तोंड बघितलं, टेबलावरचे कागद बघितले आणि चपला न काढताच खाली बसली. इथून पुढचं बोलणं मी तिला विचारून, पडताळून लिहितोय. माझ्या नोंदीवर आता माझा भरवसा नाही.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दिवाळीच्या आधीपासून.”

“मग मला सांगायचं नाही?”

“दोनदा सांगितलं. चिडलात, मग रडलात. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पेपर मागितलात, जसं काही झालंच नाही.”

“आणि डॉक्टर?”

“तीनदा वेळ घेतली. लेकही आली होती रजा टाकून. निघायच्या वेळी दर खेपेला तुमचं एकच, मला काय धाड भरली आहे?”

मी तिच्यापुढे ते तीन कागद धरले. “हे असलं मी लिहिलं आणि तू खाली सही केलीस? तू? चूक नसताना?”

“सही घेतली की तुम्ही शांत व्हायचात,” ती म्हणाली. “मग नीट जेवायचात.”

मला ओरडावंसं वाटलं आणि ओरडायला कुणी उरलं नव्हतं. एकतीस वर्षांत मी ज्यांच्याकडून सह्या घेतल्या त्यांतले किती जण असेच घरी जाऊन शांतपणे जेवता यावं म्हणून ‘मान्य’ लिहून गेले असतील, हा विचार तेव्हा मनात आला आणि तो मी त्या क्षणी बाजूला सारला, कारण तेव्हा त्यासाठी वेळ नव्हता. मला एकाच गोष्टीची धास्ती पडली होती. हे जे मला आत्ता कळलंय, ते उद्या सकाळी कळलेलं असेल का?

ती चहा ठेवायला उठली. मी तिचा हात धरला.

“चहा नको. डॉक्टरांकडे चल. आत्ता.”

तिनं घड्याळाकडे पाहिलं. “दवाखाना सातला उघडतो. अजून पाऊण तास आहे.”

“असू दे. पायरीवर बसू त्यांच्या. इथं बसलो तर मी पुन्हा तुझ्यावर ओरडेन आणि मला कळणारही नाही.”

तिनं मला शर्ट आणून दिला, मुलीला फोन करून फक्त “निघतोय” म्हणाली. जिना उतरताना मी तिला सांगितलं, “मी मधेच परत फिरायला लागलो, काय धाड भरली आहे म्हणायला लागलो, तर माझं ऐकू नकोस.”

“बरं,” ती म्हणाली, आणि रिक्षात बसेपर्यंत तिनं माझं मनगट सोडलं नाही.