हातातलं इंग्रजी

सुट्टीत मुंबईला निघालो की रत्नागिरीच्या बंदरातून आगबोटीपर्यंत होडीनं जावं लागे. त्या खेपेला वल्ह्यावर एक म्हातारा खलाशी होता, सारी उमर गोऱ्या कप्तानांच्या हाताखाली काढलेला. मी इंग्रजीचा मास्तर. माझ्या मांडीवर ‘लुक आफ्टर’, ‘वेट फॉर’ असल्या जोड्यांची वही बघून तो खुलला.

“आमचा पण विंग्रजी ऐका की, मास्तरांनू!”

‘होल्ड ऑन’ म्हणताना त्याची मूठ आवळे, ‘लुक आउट’ म्हणताना मान खाली जाई. अर्थ सांगायची त्याला गरजच नव्हती.

होडी आगबोटीच्या शिडीला लागली. वरून आलेला दोर त्यानं धरून ठेवला. माझा एक पाय शिडीवर, दुसरा होडीत, आणि तेवढ्यात मला मास्तरकीची लहर आली.

“बरं, ‘लेट गो’?”

त्यानं दोर सोडला.

होडी मागे सरकली, वही पाण्यात गेली, मी शिडीला लोंबकळलो.

“असा मधीच इचारू नये, मास्तरांनू!” तो कळवळून ओरडला. “ता माज्या डोस्क्यात नाय, हातात हाय! आता होल्ड ऑन!”

वर्गात मी ‘होल्ड ऑन’चे चार अर्थ सांगत असे. त्या क्षणी मला एकच येत होता.